कॅनडा कॉर्नर

मुदतीला दोन दिवस उरलेत, प्रिंटर तापलाय,
आणि समोर दोघे पगार बसलेत:
प्रणित पगार, सव्वीस, सातपूरला सीएनसीवर,
आणि त्याचे वडील रंगनाथ, नोटप्रेसमधून निवृत्त,
मांडीवर घट्ट धरलेली कापडी पिशवी.

आडनाव पगार,
पण मी उघडते तो रकाना 'इतर स्रोत'.
त्यातही तळाचा, लॉटरीच्या आणि घोड्यांच्या शेजारचा.
निव्वळ जिंकलेले दोन लाख चाळीस हजार.
ॲपवाल्यांनी कापले बहात्तर.
सेस राहिला: दोन हजार आठशे ऐंशी.

"अजून?"
अजून.
पहिल्या रुपयापासून तीस टक्के,
सूट नाही, वजावट नाही,
रात्र रात्र जागलास त्याचा घसारा नाही.

"आणि त्याच्या आदल्या वर्षी तीन लाख दहा गेले, ते?"

ते गेले.
धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो,
शेअरचाही, पाठुंगळीला घेतलेल्या पोरासारखा.
तुझा मात्र एकतीस मार्चला रात्री बारा वाजता वारला
आणि कुणाला सुतकही लागलं नाही.

प्रणित मोबाइल पुढे करतो.
ओझरचा दोस्त, ब्रॅम्प्टनला ट्रक चालवतो,
मशीनवर नऊ हजार डॉलर लागले,
एक सेंट कुणी मागितला नाही.
"खरंय का मॅडम?"
खरंय. हौसेनं खेळणाऱ्याला तिथे माफ असतं.
लंडनमध्येही कर भरतो तो दुकान मांडणारा, खेळणारा नाही.
जर्मनीत मॅचवर पैसे लावतानाच कापतात म्हणे, हार-जीत ठरायच्या आत.
अमेरिकेत मात्र घेतात,
पण त्याच वर्षीचं हरलेलं दाखवता येतं, पावत्या जपल्या असतील तर.
(हे मी रात्री वाचते. नवरा विचारतो, कुठे निघालीस?)

"म्हणजे कॅनडात असतो तर..."
तो खिडकीतून खाली बघतो.
केमिस्टच्या पाटीवर पत्ता, लाल अक्षरांत:
कॅनडा कॉर्नर, नाशिक.
मलाच हसू येतं. त्याला येत नाही.

मग रंगनाथराव, इतका वेळ गप्प असलेले:
"सुट्टी झाली की झडती व्हायची. डबा उघडून.
एकतीस वर्षं. कोटी मोजले रोज,
घरी आला तो फक्त शाईचा वास.
ह्याचे हे दोन लाख चाळीस,
कुठे छापले होते?"

कुठेच नाही, काका.
एका पडद्यावर आले, दुसऱ्यात गेले,
नोट अशी झालीच नाही त्यांची कधी.
आता तर ते ॲपही बंद झालंय, बंदी आली ऑगस्टात.
त्या पैशाची खूण म्हणून एवढाच कागद राहिला,
कापलेल्या कराचा.

ते मान हलवतात. पटल्यासारखी नाही,
पाळी संपल्याचा भोंगा ऐकल्यासारखी.
पिशवीतून नोटा काढतात,
अंगठा असा फिरतो की मोजणं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.
एकीवर थांबतात. उजेडात धरतात.
"ही आमची नाही, देवासची,"
आणि तीच आधी माझ्या टेबलावर ठेवतात.

मी चलन भरते. रिटर्न पाठवते.
प्रणितच्या फोनवर ओटीपी येतो, सहा आकडे.
तो फोन छातीशी धरतो, वाकडा,
बापाला दिसू नये असा,
आणि एकेक आकडा सांगतो, मध्ये थांबत,
पत्ते उघडत असल्यासारखा.